दुसऱ्या रांगेतलं हसू

"नाही येत हो," ती म्हणाली. "एकटीला नाही येत हसू."

काचेपलीकडून हेडफोनवाल्याने बोट गोल फिरवलं. म्हणजे परत एकदा. ती पुन्हा खुर्चीत सरळ बसली, समोरच्या माइककडे पाहिलं आणि हसून बघितलं. घसा खाकरल्यासारखा काहीतरी आवाज निघाला. खोलीच्या भिंतींना करडा स्पंज लावलेला होता, त्यात तो जिरून गेला. हसल्यावर कुठूनच काही परत येत नाही, अशा खोलीत ती आयुष्यात पहिल्यांदाच बसली होती.

दार ढकलून मामा आत आला. मामा म्हणजे प्रेक्षक पुरवणारा माणूस. टीव्हीच्या कार्यक्रमांना माणसं लागतात, टाळ्या लागतात, हशे लागतात, ते सगळं मामा बसमध्ये भरून आणायचा.

"काय धबधबाताई, आज नळाला पाणी नाही का?"

"मामा, कुणीतरी हसवा की मला. समोर कुणी नाही, शेजारी कुणी नाही, कशाला हसू?"

मामाने लगेच एक विनोद सांगितला. मामाचे विनोद ऐकून भली भली माणसं गंभीर होत. तिनेही सहानुभूतीने मान डोलावली.

शेवटी छतातल्या स्पीकरमधून हेडफोनवाला म्हणाला, "ताई, असं करा, डोळे मिटा. काहीतरी घरचं आठवा. जुनं."

तिने डोळे मिटले. आणि तिला पिवळा स्वेटर दिसला.

ठकी तेव्हा चार वर्षांची असेल. थंडीचे दिवस होते. 'माझा मी घालणार' म्हणून लेकीने हट्टाने स्वेटर डोक्यात घातला आणि डोकं गळ्यातून काढायच्या ऐवजी बाहीत घातलं. ते तिथेच अडकलं. दुसरी कुणी असती तर रडून गोंधळ घातला असता. ही दोन्ही हात पुढे करून घरभर चालत सुटली, टेबलाला धडकली, कपाटाला धडकली आणि आतून अगदी शांत आवाजात म्हणाली, "आई, लाईट गेली." तिचा बाप त्याहून वरचढ. "थांब हं, मेणबत्ती आणतो," म्हणत तो खरंच कपाट उघडून मेणबत्ती शोधायला लागला.

खुर्चीत बसल्या बसल्या तिच्या घशात पहिला थेंब पडला. मग दुसरा. मग तिसरा जरा लांबवून. नेहमी असंच व्हायचं. आधी थेंब थेंब, मग क्षणभर काहीच नाही, एवढं काहीच नाही की शेजारचा माणूस दचकून वळून बघे, आणि मग एकदम सगळं वरून खाली कोसळे. स्टुडिओत तिचं नाव धबधबा पडलं ते उगीच नव्हे. हेडफोनवाल्याने हेडफोन उतरवून ठेवले. मामा विनाकारण हसत सुटला.

"सोनं, ताई! निव्वळ सोनं," स्पीकर म्हणाला. "आता हेच छोटं द्या. मग मध्यम. मग असं द्या, की हसू आवरायचंय पण आवरत नाही."

तिने सगळं दिलं. दुपारपर्यंत त्या एका स्वेटरवर ती हसत राहिली.

निघताना तिने विचारलं, "हे आपल्याच कार्यक्रमात लावणार ना?"

"कार्यक्रमात आणि इतर ठिकाणी," हेडफोनवाला म्हणाला. इतर ठिकाणी म्हणजे इतर विनोदी कार्यक्रम, असं ती समजली. तिच्याआधी येऊन गेलेल्यांनी जिथे सह्या केल्या, तिथेच तिनेही केली आणि पैसे घेतले.

लोकांना वाटतं, प्रेक्षक आपोआप हसतात. छे! शंभर माणसं एकत्र बसवली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत बसतो, हे हसण्यासारखं आहे का हो म्हणून. कुणीतरी सुरुवात करावी लागते. ते कुणीतरी म्हणजे ही. मामा तिला दुसऱ्या रांगेत, वरून लोंबणाऱ्या माइकच्या बरोबर खाली बसवायचा. "पहिल्या रांगेला चेहरे लागतात," तो सांगायचा, "दुसऱ्या रांगेला गळे." तिने सुरुवात केली की रांग हसायची, रांगेमागून रांगा. मोठे मोठे नट पडद्याआडून आधी डोकावून बघत, ती खुर्चीत आहे ना. एकदा ती तापाने आली नाही तेव्हा त्यातल्या एकाला घाम फुटला होता म्हणतात.

नवरा गेला त्या महिन्यातही ती हसायला गेली होती. नातेवाइकांनी नावं ठेवली. ठेवू देत. सातवीतली ठकी मेकअपच्या खोलीत एका कोपऱ्यात गणितं सोडवायची आणि भिंतीपलीकडून आईचं हसणं आलं की मान वर न करता म्हणायची, "आज आईला खरं आलंय," किंवा, "आज ओढून आणलंय." ते तिला बरोबर कळायचं. त्या हसण्यावर घर चाललं, ठकी शिकली, मास्तरीण झाली.

आणि मग कार्यक्रम एका ॲपवाल्या कंपनीने विकत घेतला. नवी पोरं आली, त्यांनी स्टुडिओ फिरून पाहिला आणि विचारलं, एवढ्या खुर्च्या कशाला? आता अर्ध्या मिनिटाचे तुकडे करायचे होते, लोक ते फोनवर बघणार, तिथे खुर्च्या, पंखे, चहा आणि शंभर माणसांची बस कोण पोसणार? हसू मशीन लावेल. ते हसू मशीनला द्यायचं तेवढं काम उरलं होतं आणि ते तिने स्पंजच्या खोलीत बसून करून दिलं होतं. त्यानंतर मामाचा फोन आला नाही.

पण गंमत म्हणजे, सुरुवातीला तिला त्याचं वाईट वाटलंच नाही. उलट ती फुशारून गेली.

समोरच्या दारातल्या वहिनी म्हणजे फोन हातातून खाली न ठेवणारं माणूस. एक दिवस त्या धावत आल्या, "अहो, हे ऐका, तुम्ही!" फोनवर एक मांजर कपाटावर उडी मारायला गेलं, उडी हुकली, आणि त्यावर धो धो कोसळली ती. मग एक फोटोग्राफर मागे मागे सरकत पाण्याच्या हौदात पडला, त्यावरही तीच. ॲपवर त्या हसण्याला नावसुद्धा दिलेलं होतं, 'मावशी गडगडली'. ज्याला हवं त्याने आपल्या तुकड्यावर चिकटवावं. बसमध्ये कुणाच्या तरी खिशातून ती हसली तेव्हा तिला राहवेना. शेजारच्या बाईला म्हणाली, "ते माझं आहे हं." बाई उठून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

मग एक दिवस वहिनींनी एका म्हाताऱ्याचा तुकडा दाखवला. हातात पिशवी घेऊन म्हातारा जिना उतरत होता, पाय घसरला, टोमॅटो गडगडत खाली आले आणि त्यांच्या मागोमाग तो.

"लागलं का हो त्यांना?" तिने विचारलं.

"काय माहीत. तेवढंच आहे."

"पुढचं नाही?"

"पुढचं कशाला कोण टाकेल?" वहिनी म्हणाल्या आणि बोटाने म्हातारा वर सरकवून दिला.

त्या दिवसापासून तिच्या जिवाला घोर लागला. भांडी घासताना मनात येई, आत्ता या क्षणाला आपण कुठे हसत असू? कुणाच्या पडण्यावर, कुणाच्या रडण्यावर? आपण इथे कणीक मळतोय आणि तिकडे कुणाच्या तरी दुखण्यावर आपलं धो धो चाललंय. पूर्वी ती कामावर जायची तेव्हा हसायची आणि घरी आली की थांबायची. आता थांबणं तिच्या हातात उरलं नव्हतं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर माणूस हसलाच असता.

ठकीला तर मुळीच सांगायचं नव्हतं. तिचं शाळेतलं पहिलं वर्ष होतं, अजून कायम व्हायची होती. चार माणसांत उभं राहायचं म्हटलं की या मुलीचा लहानपणापासून घसा बंद व्हायचा. वर्गापुरतं तिने कसंबसं जमवलं होतं, तोच मुख्याध्यापिका बाईंनी वार्षिक संमेलनाचं सूत्रसंचालन तिच्या गळ्यात मारलं. आठवडाभर ती आरशासमोर पाठ करत होती. खोलीत खुर्ची एकच होती, ती पहिली रांग म्हणून रिकामी ठेवून आई तिच्यामागे पलंगावर बसायची आणि योग्य जागी टाळ्या वाजवायची.

संमेलन झालं त्या संध्याकाळी आईने विचारलं, "कसं झालं?"

"झालं," ठकी म्हणाली आणि आंघोळीला गेली. बराच वेळ नळ चालू होता.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी आई कचरा ठेवायला दाराबाहेर आली, तेव्हा वहिनी जिन्यातच उभ्या होत्या. एका हाताने तोंड दाबून.

"अहो, या, या! हा सगळ्यात भारी आहे. तुमचाच."

तिने चष्मा लावला नव्हता. फोनच्या एवढ्याशा चौकोनात एक स्टेज होतं. स्टेजवर एक बाई उभी होती आणि कुणीतरी तिच्या मानेवर गाढवाचं तोंड चिकटवलं होतं. गाढवाच्या हातात माइक होता. ते तोंड उघडायचं, मिटायचं, बाहेर काही येत नव्हतं. मग ते वळलं आणि पडद्याकडे गेलं. पडद्याची फट त्याला सापडेना. इकडून हात घाल, तिकडून हात घाल, पडद्याला मोठा फुगा आला, फुगा डावीकडे गेला, उजवीकडे गेला, शेवटी वरचा अर्धा भाग आत आणि पाय बाहेर.

आणि त्यावर पहिला थेंब पडला. दुसरा. तिसरा जरा लांबवून.

इतक्या वर्षांची सवय हो! कुठेही हशा सुरू झाला की त्यात उडी घ्यायची, तो वाढवायचा, मागच्या रांगेपर्यंत न्यायचा, हाच तिचा धंदा. डोक्याला कळायच्या आत घसा कामाला लागला. फोनमधली ती आणि जिन्यातली ती दोघी एकदमच कोसळल्या. वहिनी भिंतीला टेकल्या. वरच्या मजल्यावरच्या कुणीतरी दार उघडलं.

हसता हसता तिला पडद्याखालचे बूट दिसले. डाव्या बुटाचा पट्टा तुटला होता म्हणून तो तिनेच शिवून दिला होता. काळा दोरा संपला होता म्हणून निळ्याने. निळ्या टाक्यांची ती ओळ चष्म्याशिवायही तिला ओळखू आली.

हसू घशात थांबलं. फोनमधलं चालूच राहिलं. तिने मान वर केली. जिन्याच्या वळणावर ठकी उभी होती, खांद्यावर शाळेची बॅग, एक हात कठड्यावर.

"काकू, परत लावा ना," ठकी म्हणाली. "आईला पोटभर हसू दे."

घरात आल्यावर ठकी रडली असती तर बरं झालं असतं. ती बॅगेतला डबा काढून धुवायला लागली.

"ठके, अगं मला कळलंच नाही. तोंड कुठं दिसत होतं?"

"बरोबर आहे. गाढव होतं."

"तसं नाही गं."

"परवापासून वर्गात लावतायत." ठकीने नळ बंद केला. "फळ्याकडे वळले की मागनं कुणीतरी लावतं. मी वळून बघितलं की सगळे गप्प. परत फळ्याकडे वळले की परत तू हसतेस. मी तुला सांगितलं नाही. म्हटलं, तुला उगाच वाईट वाटेल. मशीन आहे ते, आई थोडीच आहे? दोन दिवस स्वतःला हेच सांगत होते मी." तिने डबा पालथा घातला. "आज बघितलं ना पण. आईच होती."

आई ओट्याला टेकून उभी राहिली. तोंडाला पदरासारखा हात लावून ठेवला होता तो तिने रात्री जेवतानाच काढला असेल. जेवलीही काय, चार घास चिवडले.

दुसऱ्या दिवशी ठकी शाळेत गेली आणि मधल्या सुट्टीतच परत आली. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या होत्या, काही दिवस घरी राहा, सोमवारी काय ते सांगा. वर्ग सांभाळता येत नसेल तर आम्हालाही दुसरी व्यवस्था बघावी लागेल. बाई वाईट नव्हत्या. पण वर्ग म्हणजे वर्ग.

आईने चप्पल घातली आणि कंपनी गाठली.

कंपनीची इमारत नुसती काचेची. आतली माणसं बाहेरून दिसत होती, आतल्यांना बाहेरचं कुणी दिसत असेल असं मात्र वाटत नव्हतं. हेडफोनवाला नोकरी सोडून गेला होता. गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी आली, ठकीच्याच वयाची.

"काय काम होतं, मावशी?"

"माझं हसणं परत पाहिजे."

मुलीला आधी काही उमगेना. मग उमगलं, आणि तिचे डोळे असे मोठे झाले! "तुम्ही? 'मावशी गडगडली' ती तुम्ही? अरे, इकडे या सगळे, ओरिजिनल मावशी आल्यात!"

क्षणात टेबलं सोडून पोरं गोळा झाली. कुणी खुर्ची दिली, कुणी पाणी. कुणी सांगितलं, माझी आई तर रोज तुमचं ऐकते. सगळ्यांच्या चेहऱ्यावर इतका खरा आनंद होता की तिला रागवायलाही जमेना.

"मावशी, एकदा लाईव्ह करा ना! प्लीज!"

फोन वर झाले. एवढे चेहरे समोर, सगळे हसायला तयार. असा प्रेक्षक तर मामालाही कधी मिळाला नव्हता. तिने तोंड उघडलं. काहीच आलं नाही. मिटलं, पुन्हा उघडलं. तेव्हा तिला समजलं, स्टेजवर माइक घेऊन ठकी कशी उभी राहिली असेल.

शांतता फारच लांबली, म्हणून मागच्या एकाने फोनवर तिचं हसणं लावून दिलं. सगळे खदखदून हसले. त्यात वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. ती मात्र दिलेल्या खुर्चीत बसली.

ओळखपत्रवाल्या मुलीला काहीतरी जाणवलं असावं. तिने तिला बाजूच्या खोलीत नेलं.

"माझी मुलगी आहे त्यात," ती म्हणाली.

"कशात?"

"पडद्यात."

मुलीने तो तुकडा पाहिलेला होता. तिने मान खाली घातली. मग फोनवर काहीबाही दाबलं. "तक्रार टाकलीय मी. हा तुकडा जाईल एक-दोन दिवसांत. पण खोटं कशाला बोलू, मावशी, एक गेला की चार येतात. लोकांनी उतरवून ठेवलेला असतो."

"आणि माझा आवाज? तुमचे पैसे घ्या परत. मला तो काढून द्या."

"तो नाही निघत. तो आता आमच्याकडे थोडाच आहे? सगळीकडे गेलाय."

"मग मी काय करू?"

मुलगी विचार करून म्हणाली, "थोडे दिवस जाऊ द्या. जुना होईल. लोकांना कंटाळा येतो." तिच्या परीने तिने धीरच दिला होता. लिफ्टपर्यंत सोडायला आली तेव्हा जरा घुटमळली. "मावशी, विचारू का नको कळत नाहीये. आम्हाला रडण्याचंही करायचंय. तुम्ही कराल का?"

लिफ्टचं दार बंद होईपर्यंत ती त्या मुलीकडे बघत राहिली.

घरी येताना तिने एक गोष्ट ठरवली. आता हसायचं नाही. जे बाहेर गेलं ते गेलं, निदान त्यात भर नको. वाटतं तेवढं सोपं नव्हतं ते. दूध उतू गेलं, वहिनींच्या नवऱ्याने दोन वेगळ्या चपला घालून ऑफिस गाठलं, खिडकीत कबुतर स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भांडत बसलं. प्रत्येक वेळी घशाशी थेंब जमायचा आणि ती आवंढा गिळायची. दोन दिवसांत घरात एवढी शांतता झाली, की घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली.

रविवारी दुपारी दोघी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. ठकी एकदम म्हणाली, "एक विचारू? त्या खोलीत तू एकटीच होतीस ना? कार्यक्रम नाही, काही नाही. मग कशावर हसलीस एवढी?"

आईच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. खोटं सांगणं सोपं होतं. मामाने विनोद सांगितला म्हणाली असती, तर ठकीला ते पटलं नसतं, कारण ठकीला मामा माहीत होता. पण आणखीही काही सांगता आलं असतं. खरं सांगितलं तर आगीत तेल. इकडे आड तिकडे विहीर असं तिचं झालं.

"ओढून आणलेलं नव्हतं ते," ठकी म्हणाली. "मला कळतं. ते खरं आहे. म्हणून तर जास्त लागतं."

"तुझा पिवळा स्वेटर," आई म्हणाली.

ठकीने मान वर केली.

"तुझं डोकं बाहीत अडकलं होतं. सगळीकडे धडकत होतीस. ते आठवलं, मग आलं."

"म्हणजे माझ्यावरच."

"हो."

ठकीने हातातली घडी मोडली, पुन्हा घातली. "मी काय म्हणाले होते गं तेव्हा?"

"आई, लाईट गेली."

"आणि बाबा?"

"मेणबत्ती शोधत होते." आईचा आवाज चिरकला. "सापडली पण त्यांना. पेटवायलाच निघाले होते, मीच ओरडले."

ठकी आपल्या कपड्यांचा गठ्ठा उचलून आत गेली. आई बाहेर बसून राहिली आणि स्वतःला दोष देत राहिली, की काय गरज होती तोंड उघडायची? पोरगी जरा सावरत होती, आपण पुन्हा जखमेवर मीठ चोळलं. आता उद्या ती शाळेत जायची नाही. उद्या नाही गेली म्हणजे कधीच नाही. आणि जन्मभर तिच्या कानात आपण असंच हसत राहणार.

सोमवारी सकाळी चांगलीच थंडी होती. आईने डबा केला. भरायचा की नाही हे कळेना म्हणून झाकण न लावता ओट्यावर ठेवला. विचारायची हिंमत नव्हती. आतल्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला. मग बराच वेळ काहीच नाही.

"ठके?" तिने दारातून हळूच डोकावलं.

खोलीच्या मध्यभागी ठकी उभी होती. अंगात शाळेचे कपडे होते. वरून करडा स्वेटर घातला होता, म्हणजे अर्धाच घातला होता. डोकं आत, दोन्ही हात पुढे. ती एक पाऊल पुढे आली, मुद्दाम पलंगाला धडकली आणि आतून शांत आवाजात म्हणाली, "आई, लाईट गेली."

आईने पटकन दाराची चौकट धरली. आतून उसळी आली ती थेट घशापर्यंत. सवयीने तिने खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि तोंडात कोंबला. खांदे गदागदा हलले, डोळ्यांतून पाणी आलं, आवाज मात्र एक नाही.

ठकी आत वाट बघत होती. काहीच ऐकू येईना म्हणून तिने डोकं बाहेर काढलं. केस विस्कटलेले, चेहरा लाल. टॉवेल दातांत धरून थरथरणारी आई तिने पाहिली आणि तिचा चेहरा पडला.

"असं नको ना गं. मोठ्यानं हस."

आईने मान हलवली. टॉवेल काढून म्हणाली, "दार उघडं आहे."

ठकी गेली आणि बाहेरचं दार लावून आली. मग खिडकी लावली, तिची कडी बसत नव्हती ती दाबून बसवली. टेबलावरचे दोघींचे फोन उचलले, कपड्यांच्या कपाटात खालच्या कप्प्यात चादरींच्या मागे ठेवले आणि कपाट बंद केलं. खुर्ची ओढून आईला बसवलं.

"दिवसभर तिथं तेच ऐकायचंय मला," ती म्हणाली. "निघताना एकदा घरचं ऐकू दे."

तिने पुन्हा स्वेटरमध्ये डोकं घातलं आणि दोन्ही हात पुढे करून उभी राहिली. आईने टॉवेल मांडीवर ठेवला, दोन्ही हात त्यावर ठेवले. बंद खोलीत तिच्या घशात पहिला थेंब पडला. दुसऱ्याची दोघी वाट बघत राहिल्या.